लेट्स गो टू प्रिझन (२००६): तुम्हाला या पिक्चरमधलं नक्की काय आठवतं?

अर्धविराम

कालपासून टेक्नोट्रॉनिकचं 'मूव्ह धिस' डोक्यात ठाण मांडून बसलंय. गाणं नव्वदच्या आसपासचं, नाचायचं, पण ते लागलं की मला डान्स फ्लोअर दिसतच नाही, मला दिसतो बॅरी. अंगाने हा एवढा, आवाज खर्जातला, आणि त्याच्यासमोर भीतीने गोठलेला विल आर्नेट. ज्यांनी 'लेट्स गो टू प्रिझन' पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते एव्हाना कळलं असेल.

२००६ च्या नोव्हेंबरात आलेला पिक्चर. कधी लागला कधी उतरला कोणाला कळलं नाही, समीक्षकांनी धू धू धुतला, कमाई साधारण ४६ लाख डॉलर, म्हणजे युनिव्हर्सलसारख्या स्टुडिओच्या हिशेबाने काहीच नाही. मी तेव्हा इलिनॉयमध्ये शिकत होतो. पुढच्या वर्षी आमच्यातल्या एकाने डीव्हीडी आणली, अनरेटेड आवृत्ती, आणि आम्ही पाच जण एका सोफ्यावर दाटीवाटीने बसून तो बघितला. त्यानंतर त्या घरात कोणी बाथरूममध्ये जास्त वेळ लावला की बाहेरून हमखास आवाज यायचा, काय रे वाइन लावलीस का.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट सांगतो, शेवटासकट, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी इथून थेट प्रतिसादांकडे जा (खरं तर तिथेही शेवट फुटणारच आहे).

जॉन (डॅक्स शेपर्ड) आठ वर्षांचा असताना पब्लिशर्स क्लिअरिंग हाउसची बक्षिसाचे चेक वाटत फिरणारी गाडी पळवतो आणि जज बीडरमन त्याला आत टाकतो. तिथून आत-बाहेर आत-बाहेर असंच आयुष्य, आणि दर वेळी समोर जज तोच. शेवटी सुटल्यावर जॉन सूड घ्यायला निघतो तर कळतं की जज तीनच दिवसांपूर्वी वारला. मग राग निघणार कोणावर, तर जजच्या मुलावर. हा चौथा नेल्सन बीडरमन म्हणजे विल आर्नेट, बापाच्या पैशावर माजलेला, कोणाशी धड बोलता न येणारा. जॉन त्याचा दम्याचा इनहेलर रिकामा करून ठेवतो, नेल्सनला भर रस्त्यात धाप लागते, तो औषधाच्या दुकानात घुसून इनहेलर ओरबाडायला लागतो आणि सगळ्यांना वाटतं दरोडा पडला. झाली शिक्षा. जॉनला एवढ्यावर समाधान नाही, तो मुद्दाम पोलिसांनाच ड्रग्ज विकून पकडला जातो आणि नेल्सनचा सेलमेट होऊन बसतो, का तर याचे हाल जवळून बघता यावेत.

आता माझा मुद्दा. या पिक्चरचं नाव काढलं की लोक म्हणतात, अच्छा तो घाणेरडा जेलवाला. पण नंतर दोन मिनिटं बोलू द्या, घाणेरडं असं त्यांना काहीच आठवत नसतं. आठवतो तो नेल्सनच्या मागे लागलेला दांडगा कैदी बॅरी (शाय मॅकब्राइड), त्याची कमोडमध्ये मुरवलेली मर्लो वाइन, ते गाणं. म्हणजे ज्या माणसाला पिक्चरने राक्षस म्हणून आणलं तोच सगळ्यांच्या लक्षात आहे आणि तोही प्रेमाने. असं का झालं असावं हे मला खूप वर्षं छळतंय. माझं मत असंय की पूर्ण पिक्चरमध्ये दुसऱ्याशी नीट बोलणारा तो एकटाच माणूस आहे. बाहेरचे श्रीमंत नाही, जज नाही, वकील नाही, आतले गार्ड नाहीत. बॅरी आधी विचारतो, प्यायला देतो, ऐकून घेतो. आणि नेल्सनशी जन्मात पहिल्यांदा कोणीतरी असं वागतंय हे विल आर्नेटच्या चेहऱ्यावर दिसतं.

तुम्हाला काय आठवतं? आवडला नसेल तरी लिहा.

मुंगळा

बॅरी!!! बाकी मला गोष्टसुद्धा आठवत नव्हती, तुमचं वाचून कळलं की इनहेलरची भानगड होती.

चकवा

हा तोच ना ज्यात दोन मित्र पक्ष्याच्या वेषात बँक लुटतात आणि मग जेलमध्ये बैलावर बसायची स्पर्धा असते? त्यातला तो बुजरा गोरा माणूस फार भारी होता.

बखरकार

नाही हो चकवा, तुम्ही म्हणताय तो 'स्टर क्रेझी', १९८० चा. आणि ते लुटत नाहीत, तीच तर गंमत. जीन वाइल्डर आणि रिचर्ड प्रायर बँकेच्या जाहिरातीसाठी सुतारपक्ष्याचे पोशाख घालून नाचत असतात, कोणीतरी तेच पोशाख चोरून घालतं आणि बँक लुटतं, आणि हे दोघं आत. दिग्दर्शक सिडनी पॉइटिए. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या पिक्चरने अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर धंदा करायची ती पहिली वेळ. शूटिंग ॲरिझोनाच्या खऱ्या तुरुंगात, फ्लोरेन्सला झालेलं.

पण तुमची गल्लत होणं स्वाभाविक आहे, कारण तुरुंगावरचे बहुतेक विनोदी पिक्चर एकाच साच्यातून निघालेत. बाहेरचा मऊ माणूस आत जातो, पहिल्या रात्री घाबरतो, कोणीतरी दांडगा अंगावर येतो, हा हळूहळू तिथला होतो. अर्धविराम यांच्या पिक्चरमध्ये वेगळं काय असेल तर साच्यातला दुसरा माणूस. 'स्टर क्रेझी'त दोघं मित्र आहेत. इथे सेलमेट हाच शत्रू, आणि ज्याला हे माहीतच नाही तो बिचारा त्याच्याकडेच सल्ला मागत बसतो.

शेवंती

मी अर्धाच पाहिला आणि बंद केला, आणि का ते सविस्तर लिहिते, कारण या धाग्यावर सगळे बॅरीच्या प्रेमात दिसताहेत.

जॉन नेल्सनला बॅरीला विकतो. विकतो. हा प्रसंग विनोद म्हणून आहे आणि प्रेक्षकाने हसावं अशी अपेक्षा आहे. बॅरी पुढे कितीही गोड निघाला तरी नेल्सनला त्या क्षणी ते माहीत नसतं, त्याच्या दृष्टीने त्याच्यावर बलात्कार होणार असतो आणि आपण खिदळत असतो. साबण खाली पडला वगैरे जोक अमेरिकेत इतके सर्रास चालतात की त्यामागे काय आहे हे लोक विसरूनच गेलेत. २००३ साली अमेरिकन काँग्रेसने तुरुंगातले बलात्कार रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, दोन्ही सभागृहांत एकमताने, बुश यांनी सही केली. त्या कायद्याखालची नियमावली यायला २०१२ उजाडलं. हा पिक्चर बरोब्बर त्या मधल्या काळातला. म्हणजे देशाने मान्य केलं होतं की हे खरंच घडतंय, भयंकर प्रमाणात घडतंय, आणि तरीही तो विनोदाचा विषय होता. २०१५ च्या 'गेट हार्ड'मध्ये पुन्हा तेच, विल फेरेल जेलमध्ये जाणार म्हणून घाबरलाय आणि अख्खा पिक्चर त्या एका भीतीवर उभा. तेव्हा मात्र बरीच टीका झाली त्यावर.

माझ्या ओळखीतल्या एका माणसाने काही महिने कच्च्या कैदेत काढलेत. तो त्याबद्दल कधीच बोलत नाही. त्याच्यासमोर एकदा टीव्हीवर असाच कुठलातरी जोक लागला आणि तो उठून बाहेर गेला, काही न बोलता, चप्पलही न घालता. मला ते विसरता येत नाही.

अर्धविराम

शेवंती, बरं झालं लिहिलंत, आणि तुमच्या ओळखीच्या माणसाबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. विकण्याच्या प्रसंगाबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही, तो मलाही आता बघवत नाही. तेव्हा हसलो होतो हे खरंय, विशीतली पाच पोरं होतो आम्ही आणि हसू नये हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

फक्त एवढंच म्हणेन की पुढे पिक्चर वेगळीकडे जातो. साच्याप्रमाणे बॅरीने यायचं, दार बंद व्हायचं आणि पुढचं प्रेक्षकाने समजायचं असं असतं. इथे तो येतो आणि वाइन ओततो. तिथे माझं हसू बदललं होतं, आधी मी नेल्सनला हसत होतो आणि नंतर मला त्याच्यासाठी हायसं वाटलं. हे मुद्दाम केलंय की चुकून झालंय, कोणास ठाऊक, पण लोकांना बॅरीच आठवतो याचं कारण मला तिथेच दिसतं.

दिवेलागण

मला मायकल शॅनन आठवतो! गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचा म्होरक्या लिनर्ड. तो एकही जोक मारत नाही, डोळे न मिटता बघतो फक्त, आणि त्या भपकेबाज पिक्चरमध्ये एकदम खरा धोका वाटतो. मी त्याला तिथे पहिल्यांदा पाहिलं आणि दोन वर्षांनी 'रिव्होल्यूशनरी रोड'मध्ये बघून ओरडलेच की अरे हा तर लिनर्ड. त्या भूमिकेला ऑस्कर नामांकन मिळालं त्याला.

आणि दिग्दर्शक बॉब ओडेनकर्क हे किती जणांना माहीत आहे? सॉल गुडमन! 'ब्रेकिंग बॅड' मालिकेत त्या वकिलाच्या भूमिकेत तो आला २००९ ला, म्हणजे हा पिक्चर पडल्यानंतर तीन वर्षांनी. लेखकही बघा, थॉमस लेनन आणि रॉबर्ट बेन गॅरंट यांचा 'नाइट ॲट द म्यूझियम' बरोबर महिनाभराने डिसेंबरात आला आणि त्याने जगभर धो धो पैसा केला. त्याच माणसांचा हा पिक्चर मात्र कोणी बघितला नाही. विल आर्नेटची 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' ही टीव्ही मालिका त्याच वर्षी बंद पडली होती. म्हणजे तेव्हा ही सगळी माणसं अशा जागी होती की पुढे काय होणार हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि आज मागे वळून बघताना अख्खी टीम ओळखीची वाटते. डॅक्स शेपर्डला तर आता लोक पॉडकास्टमुळे ओळखतात.

वाऱ्यावरची_वही

हा पिक्चर जिथे शूट झाला ते जोलिएटचं जेल मी बघून आलेय म्हणून लिहिते. शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर आहे. १८५८ मध्ये उघडलेलं, २००२ मध्ये बंद झालं, २०१८ पासून आत फिरायला देतात. 'ब्लूज ब्रदर्स'ची सुरुवात तिथलीच आणि 'प्रिझन ब्रेक'चा पहिला सीझनही.

बाहेरून ते किल्ल्यासारखं दिसतं, पिवळसर चुनखडीच्या दगडाचं, बुरुज वगैरे असलेलं. दगड तिथल्याच खाणीतला आणि तो कैद्यांनीच फोडलेला, म्हणजे स्वतःला कोंडायच्या भिंती स्वतःच रचलेल्या. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो रंग. भिंतींवर थरावर थर रंग दिलेला आणि आता त्याचे पापुद्रे सुटलेत, कोठडीच्या गजांवरून कागदासारखे लोंबतात, हात लावला तर बोटावर भुगा येतो. एका कोठडीत लोखंडी खाट भिंतीला टांगलेली होती, मी आत उभी राहून दोन्ही हात पसरायला गेले तर पूर्ण पसरता आले नाहीत. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. त्यात दोन माणसं राहायची.

आणि १९१० मध्येसुद्धा तिथल्या कोठड्यांत नळ नव्हता, संडास नव्हता. हे वाचल्यावर मला तो कमोडमधल्या वाइनचा जोक आठवला आणि वाटलं, पिक्चरवाल्यांनी ती एक गोष्ट, जी कैद्याच्या डोळ्यासमोर चोवीस तास असते, तीच धरली.

पाणकावळा

वाइनचा विषय निघालाय तर मी थोडं लांबण लावतो, मायक्रोबायोलॉजी शिकवतो आणि दर वर्षी मुलांना हे उदाहरण देतो.

अमेरिकन तुरुंगातल्या या दारूला प्रुनो म्हणतात. फळं, साखर, कधी ब्रेड, कधी केचप, असं मेसमधून जे हाती लागेल ते प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, कोमट पाणी घालायचं आणि उबेत लपवून ठेवायचं. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच, ते साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पिशवी फुगते, म्हणून अधूनमधून तोंड उघडून गॅस काढावा लागतो, आणि तेव्हाच वास सुटतो आणि गार्डला कळतं. म्हणून लपवायची जागा महत्त्वाची. चव भयानक असते असं पिणारेच सांगतात, बॅरीने तिला मर्लो म्हणणं हा त्याचा मोठेपणा.

आता गंभीर भाग. २०११ मध्ये यूटाच्या तुरुंगात आठ कैदी प्रुनो पिऊन बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेने आजारी पडले. कारण निघालं एक भाजलेला बटाटा, जो बरेच दिवस बाहेर राहिलेला होता आणि पिशवीत टाकला गेला. झालं असं की ही विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, मातीत असतात, म्हणून बटाट्यावर येतात, भाजताना मरत नाहीत, आणि जिथे हवा नाही आणि आंबटपणा कमी आहे तिथे वाढून विष तयार करतात. बंद पिशवीइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी नाही. त्या विषाने आधी डोळ्यांपुढे दोन दोन दिसायला लागतं, जीभ जड होते, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू बंद पडतात. त्यातल्या काही जणांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या तुरुंगातही असंच झालं.

माझ्या वर्गातली मुलं पहिल्यांदा हसतात, मग बटाट्याशी आलं की गप्प होतात. माणसं एवढी जोखीम का घेतात याचं उत्तर पुस्तकात नाही, पण बॅरी ज्या काळजीने ती ओततो ते बघताना ते थोडंसं कळतं.

टिपकागद

पाणकावळा, मस्त माहिती. जोडीला एक सांगतो. या पिक्चरच्या मुळाशी एक पुस्तक आहे, जिम हॉगशायरचं १९९४ चं 'यू आर गोइंग टू प्रिझन'. कादंबरी नव्हे, आत जाणाऱ्या माणसासाठीचं मार्गदर्शन आहे ते, अटकेपासून पुढे काय काय होतं, कसं टिकायचं. म्हणूनच पिक्चरमध्ये जॉन मध्येमध्ये माहिती सांगत असतो. मला वाटतं याची सगळी ताकद त्या निवेदनात आहे आणि पिक्चरला स्वतःलाच त्याची किंमत कळली नाही. सुरुवातीला वाटतं की हे आता तुरुंगाच्या धंद्यावर काहीतरी जबरी बोलणार, आणि मग ते सोडून अंगविक्षेप सुरू होतात. २००६ च्या शेवटी अमेरिकेत तुरुंग आणि जेल (म्हणजे स्थानिक कैदखाने) मिळून २२ लाखांहून जास्त माणसं आत होती. एवढा मोठा विषय हातात होता, आठ वर्षांच्या पोराला आत टाकणाऱ्या जजपासून सुरुवात केलेली होती, आणि त्याचं पुढे काहीच केलं नाही. मला याचा अजून राग येतो. वाईट पिक्चर विसरता येतो, अर्धा चांगला असेल तर नाही विसरता येत.

मुंगळा

टिपकागद +१. ते आठ वर्षांचं पोर कोर्टात उभं असतं तिथे मी हसलो नव्हतो.

शेवंती

काल रात्री पूर्ण पाहिला. अर्धविराम म्हणाले होते पुढे वेगळीकडे जातो म्हणून.

विकण्याचा प्रसंग मला आजही सहन झाला नाही, मी आवाज बंद करून तेवढा पुढे ढकलला, आणि माझं त्याबद्दलचं मत आहे तेच आहे. पण बॅरीबद्दल मी चुकले होते. म्हणजे त्याला मी बघितलंच नव्हतं, त्याच्याबद्दलची भीती बघून बंद केला होता. शाय मॅकब्राइड काय काम करतो! त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने बॅरीची टिंगल केली असती, बायकी आवाज काढला असता, मुरके मारले असते. हा त्यातलं काहीच करत नाही. तो प्रेमात पडलेला माणूस आहे आणि तेवढंच करतो. दोन माणसांच्या प्रेमाची टर उडवायला काढलेल्या पिक्चरमध्ये त्याने ते प्रेम खरं मानलं, आणि दिग्दर्शकाने त्याला मानू दिलं.

टिपकागद म्हणताहेत तेही पटलं. वकील मुद्दाम ढिला लढतो कारण बीडरमन कुटुंबाच्या संस्थेच्या बोर्डाला नेल्सन नकोच असतो, हे किती पटकन उरकलंय.

एक प्रश्न आहे. शेवटी जॉन आणि नेल्सन झुंजीत मेल्याचं नाटक करतात आणि त्यांना पुरतात. एवढ्या झटपट कोणालाही न कळवता कसं काय पुरतील? नेल्सन तर श्रीमंत घरचा.

वाऱ्यावरची_वही

नेल्सनच्या बाबतीत ती पिक्चरची सोयच आहे, श्रीमंताचं कोणी ना कोणी धावत आलं असतं. पण जॉनच्या बाबतीत ते खरंय. ज्या कैद्याचं शव न्यायला कोणी येत नाही त्याला सरकारच पुरतं. जोलिएटजवळ कैद्यांची जुनी दफनभूमी आहे, तिला मंकी हिल म्हणतात. टेक्सासमध्ये हंट्सविलला तर तीनएक हजार कबरी आहेत अशा, कित्येकांवर नाव नाही, फक्त कैद्याचा नंबर. अजूनही पुरतात तिथे, आणि पेटी उचलायला आणि खड्डा बुजवायला कैदीच असतात.

शेवंती

म्हणजे जॉनचं घ्यायला कोणीच नसणार. आईबाप वगैरे पिक्चरमध्ये कुठे दिसलेच नाहीत.

अर्धविराम

कोणीच नाही. आठव्या वर्षापासून त्याला ओळखणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तो जज.

मी तो शेवट इतक्यांदा पाहिलाय पण या बाजूने कधी बघितलाच नव्हता. दोघं पेटीत जिवंत आहेत, वर माती, हवा संपत चाललीय, आणि सगळं कशावर अवलंबून तर पॅरोलवर सुटलेला एक माणूस परत येईल का यावर. त्याच्यासाठी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्या जेलच्या आसपास आयुष्यात पुन्हा न फिरकणं. आणि बॅरी येतो. रात्री, हातात फावडं घेऊन. बाहेर काढून तिघं मिळून वाइनचा कारखाना टाकतात, तीच वाइन, त्यावर आम्ही सोफ्यावर लोळून लोळून हसलो होतो.

चकवा

आत्ता लावला. इनहेलरपर्यंत आलोय.